पत्रिकेतलं हंसपद

परळच्या त्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी मला नळ, पंखा, संडास यांतलं काहीही दाखवलं नाही. दाराच्या चौकटीवर तांबड्या रंगाने काढलेली एक खूण दाखवली. उलट्या तोंडाचा इंग्रजी पी, पोट भरीव आणि पाय दोन: ¶. "हे काय आहे, सांग," म्हणाले. मी देवरुखहून सकाळच्या गाडीने आलेली, खांद्यावर बॅग, पोटात कावळे. म्हटलं, "घराचा नंबर असेल." हे उत्तर त्यांना फार आवडलं, कारण ते चुकीचं होतं आणि आता सांगायला वाव होता.

मग मी बॅग खांद्यावर घेऊन ऐकत उभी राहिले. तिकडे युरोपात पुस्तकं हातानं लिहायचे तेव्हा नवा विषय सुरू झाला की लिहिणारा थोडी जागा सोडायचा. मागून लाल शाईवाला यायचा आणि त्या जागेत ही खूण भरायचा. पुढे छपाई आली, पुस्तकांचे ढीग लागले, लाल शाईवाल्याला काही उरकेना, जागा तशाच कोऱ्या राहिल्या. "तू परिच्छेदाआधी जी जागा सोडतेस ना, ती त्या लाल शाईवाल्याची," काका म्हणाले. मी विचारलं, मग दारावर कशाला? "इथून माझा परिच्छेद सुरू होतो." पुढे संडास कुठे आहे ते मलाच विचारून घ्यावं लागलं.

काका म्हणजे माझे घरमालक. अख्खी बिल्डिंग त्यांना काकाच म्हणायची. साठी उलटलेले, विमा कंपनीतून निवृत्त, उभा बारीक देह आणि शर्टाच्या खिशात कायम तीन पेनं. मूळचं घराणं गिरगावातलं, चार पिढ्या मुंबईत, आजोबा-पणजोबा साहेबांच्या हापिसात कारकून. त्यांची मुलगी सायली नोकरीला बंगळूरला होती आणि तिची रिकामी खोली त्यांनी मला दिली होती. माझं ऑफिस समोरच्याच गिरणीच्या आवारात उठलेल्या टॉवरमध्ये. एका अ‍ॅपसाठी मी मराठीत बारीकसारीक संदेश लिहायचे, ‘तुमची ऑर्डर निघाली आहे’ छापाचे. काकांना माझ्या नोकरीचा भारी आदर. ‘आमची मुलगी लिहिते’ असं ते शेजाऱ्यांना सांगायचे. काय लिहिते ते सांगत नसत, हे त्यांचे उपकार.

कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी काड्यापेट्यांचे छाप. काका चिन्हं जमवायचे. रद्दीच्या दुकानात तासन्‌तास बसून जुनी हँडबिलं, औषधांच्या बाटल्यांची लेबलं, पंचांगांची मलपृष्ठं उपसायचे आणि एखादं ठिपक्याठिपक्यांचं फूल किंवा आडवा खंजीर सापडला की रद्दीवाल्यालाच चहा पाजायचे. जुन्या पोथ्यांच्या शेवटी दोन दंडांच्या मधे नुसताच एक ‘छ’ का काढतात, यावर मी त्यांचं बोलणं लालबाग ते परळ असं चालत ऐकलेलं आहे. का काढतात ते अजून मला माहीत नाही. त्यांनाही नव्हतं, पण न माहीत असण्यातही माणूस किती बोलू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

माझ्या खोलीच्या दारामागे नियमांचा कागद होता. ‘गरम पाणी सकाळी मिळेल’ आणि पुढे तारका. खाली तारकेपुढे, ‘गीझरची मर्जी असल्यास’. ‘पाहुणे आल्यास कळवावे’ आणि पुढे खंजीर, म्हणजे †. खाली खंजिरापुढे, ‘माझी हरकत नाही, शेजारच्या मावशींना उत्तर तुम्ही द्यायचं’. तिसऱ्या नियमाला दुहेरी खंजीर, ‡, होता, आणि त्याची टीप अशी: ‘दोन चिन्हं वापरून झाल्यावर तिसरं हे येतं. टीप सुचलेली नाही.’

ज्या मावशींना उत्तर द्यायचं होतं त्या समोरच्याच दारात राहायच्या, मालवणच्या. त्यांचं आणि काकांचं एका हातावरून वाकडं होतं. जिन्याच्या वळणावर काकांनी एका जुन्या नाटकाच्या हँडबिलावरून मोठा करून घेतलेला हात चिकटवला होता. तोच तो, बाहीचा कफ असलेला आणि तर्जनी रोखलेला. बोट काकांच्या दाराकडे. मग बिल्डिंगला रंग दिला, रंगाऱ्याने हात काढून परत लावला आणि बोट गेलं मावशींकडे. त्या दिवसापासून काकांची सगळी पार्सलं मावशींकडे. "काका, तुमचो हात आधी सरळ करा," मावशी दारातून ओरडायच्या, "माझ्या दारार रोज एक नवो झिलगो पार्सल घेवन उभो." काका हात सरळ करण्याऐवजी मावशींना हाताचा इतिहास सांगायचे. म्हणे आधी वाचणारेच समासात असा हात काढायचे, इकडे बघ म्हणायला. मग छापखानेवाल्यांनी तो शिशात ओतला, मग तो दुकानांच्या पाट्यांवर आला. मावशी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ता सगळा खरा. पण पार्सल कोणाचा?"

हाच हात आता पिवळा होऊन मोबाइलमध्ये बसलाय, हे मी त्यांना दाखवलं ती माझी घोडचूक. दुसऱ्या दिवसापासून मला ऑफिसात संदेश यायला लागले. 👉 दूध. 👉 तुझी किल्ली फ्रिजवर. 👉 काही नाही, सहज.

बाजारातही तीच गत. एकदा लालबागच्या मासळीबाजारात त्यांनी कोळणीला @ या चिन्हाची जन्मकथा सांगायला घेतली. ईमेलच्या कितीतरी आधी ते व्यापाऱ्यांचं होतं, ‘अमुक दराने’ लिहायला वापरायचे, म्हणजे खरं तर तुमचंच चिन्ह हो. तिने शांतपणे बांगड्यांवर बर्फ लोटला. "शेठ, चिन्ह ऱ्हाऊ दे बर्फावर. बांगडा न्यायचा का?" बांगडा नेला, पण घासाघीस करायचं राहूनच गेलं.

टोमण्यालाही चिन्ह असावं म्हणून जगात किती जणांनी डोकं खपवलंय, हा त्यांचा आवडता विषय. कुणी उलटं प्रश्नचिन्ह आणलं, कुणी आणखी काही, टिकलं एकही नाही. "का माहितीय? ज्याला टोमणा कळतो त्याला खूण लागत नाही, आणि ज्याला कळत नाही तो खुणेवरही रुसतो." मी म्हटलं, काका, आमच्या देवरुखात हे चिन्ह आलं असतं तर पूर्णविरामाचा खप बंद झाला असता. हे वाक्य त्यांनी पुढे आठवडाभर सगळ्यांना ऐकवलं. माझं नाव सांगून ऐकवलं, हे विशेष, कारण विनोद परस्पर आपल्या नावावर करणारे मी बरेच पाहिलेत.

हे सगळं ऐकून वाटेल की एवढा गोड माणूस एकटा कसा? तर ते सांगते. काकू होत्या. चांगल्या धडधाकट होत्या, चालत पंधरावीस मिनिटांवर काळाचौकीला भावाकडे राहत होत्या आणि परळच्याच एका इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसत होत्या. घटस्फोट वगैरे काही नाही. दर रविवारी डबा घेऊन यायच्या, कधी तिसऱ्यांचं कालवण, कधी सोड्यांची खिचडी. दारातच उभ्या राहून डबा द्यायच्या, मागच्या रविवारचा घ्यायच्या, फ्रिज उघडून आत काय सडलंय ते बघायच्या आणि जायच्या. बसायच्या मात्र नाहीत. मी एकदा म्हटलं, काकू, बसा की. म्हणाल्या, "बसले की बोलावं लागतं. आणि बोलायचं कुणाशी, ह्यांच्याशी?"

त्या दोघांचं लग्न प्रेमाचं. काकू गिरणी कामगाराची मुलगी, काका गिरगावचे घरंदाज. काकांची थोरली बहीण, जिजी, हिला ते कधीच पचलं नव्हतं. आई लवकर गेल्यावर जिजीनेच धाकट्या भावाला वाढवलेलं, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे शेवटचा. पडद्याचा रंग जिजी ठरवणार, सायलीची शाळा जिजी ठरवणार आणि काका मान हलवणार. काकूंनी वर्षानुवर्षं सोसलं. मग सायली कॉलेजात गेली त्या साली काकूंच्या आईचं वर्षश्राद्ध होतं, आणि नेमक्या त्याच दिवशी जिजीने या घरात सत्यनारायण ठरवला. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा कलशावरच्या स्वस्तिकाचे चार ठिपके बरोबर पडलेत का ते बघत होता. काकू काळाचौकीला श्राद्धाला गेल्या त्या तिथेच राहिल्या. "जगातली सगळी चिन्हं येतात ह्या माणसाला," त्या मला एकदा म्हणाल्या, "फक्त जिजीसमोर पूर्णविराम देता येत नाही." हे त्या हसत म्हणाल्या, पण मला त्या दिवशी काकांचा राग आला होता, खरं सांगते.

तर अशात सायलीचं लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, धारवाडकडचा, शांत. जिजीने ताबडतोब सगळी सूत्रं हातात घेतली. हॉल दादरचा, गुरुजी तिचे, आणि पत्रिका गिरगावातल्या ज्या छापखान्यात घराण्याच्या सगळ्या पत्रिका छापल्या त्याच छापखान्यात. मजकूर तिनेच दिला. काकांवर एकच काम सोपवलं, ‘प्रूफ बघ’. हे काम त्यांच्या हाती दिल्यावर काय होणार ते मला आधीच दिसत होतं.

प्रूफ मोबाइलवर आलं. काकांनी ते दोन बोटांनी एवढं मोठं केलं की पडद्यावर नुसता एक ठिपका उरला. मग सुरू झालं. ‘॥ श्री ॥’मधले दंड शिरोरेघेपर्यंत पोचत नाहीत. कोपऱ्यातलं फूल डावीकडे सरळ आणि उजवीकडे उलटं. वेळेतली आडवी रेघ आखूड आहे, ही जोडायची रेघ झाली, इथे ‘पासून-पर्यंत’ची लांब रेघ हवी. छापखान्यात फोन. तिकडचा माणूस म्हणाला, "साहेब, एवढं कोण बघतंय?" काका म्हणाले, "मी." दुसरं प्रूफ आलं, त्यातलं फूल आता दोन्हीकडे उलटं. पुन्हा फोन. मी ऑफिसातून आले तेव्हा चहा निवलेला, काका घामाघूम आणि चेहऱ्यावर समाधान असं की जणू सायलीला स्वतःच्या हाताने सासरी पोचवून आलेत. तिसरं प्रूफ मला दाखवलं. मी म्हटलं, छान. त्यांनी टाइप केलं ‘पास’, आणि पुढे एक पिवळा हात.

पत्रिका छापून आल्या. पहिली जिजीने गिरगावात आपल्या देव्हाऱ्यात गणपतीपुढे ठेवली, बाकीचे गठ्ठे परळला आले. त्या शनिवारी सायली बंगळूरहून आली, टेबलावरची एक पत्रिका उचलली, उभ्याउभ्याच वाचली आणि खुर्चीत बसली.

"बाबा, आईचं नाव कुठाय?"

काकांनी चष्मा लावला. ती पत्रिका त्यांनी तेव्हा पहिल्यांदा वाचली. ‘श्री.’ आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव, ‘यांची कन्या’. बस. खाली जिजीचं नाव, जिजीच्या मुलाचं, सुनेचं, एका चुलत मामाचंसुद्धा होतं. मुलीच्या आईचं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, एका नावाचं काय एवढं. ज्याने आपल्याकडचं एकतरी लग्न पार पाडलंय तो असं म्हणणार नाही. पत्रिकेत नाव नाही म्हणून सख्ख्या भावांनी वर्षंच्या वर्षं तोंड पाहिलेलं नाही, अशी घरं मला ठाऊक आहेत. आणि इथे तर प्रत्यक्ष आई.

सायलीने जिजीला फोन लावला, स्पीकरवर. जिजी शांत होती. "मजकूर मी दिला. बघायला तुझ्या बाबाला पाठवला. त्याने पास केला, एकदा नाही, तीनदा बघून." मग म्हणाली, "आणि आता देवापुढे ठेवलीय. देवापुढे ठेवलेली पत्रिका बदलत नाहीत." फोन बंद झाल्यावर सायली रडली.

दुसऱ्या दिवशी रविवार. काकू डबा घेऊन आल्या. सायलीने पत्रिका लपवायला हात पुढे केला, तोवर काकूंनी ती घेतलीही होती. त्यांचं वाचणं खिडकीवरचं. एका नजरेत नाव, वय, पत्ता. वाचून झालं, आणि त्यांनी काकांना एकच विचारलं.

"दिसलं नाही, की बोलला नाहीत?"

काका खोटं बोलू शकले असते. जिजीपुढे बोललो नाही म्हणाले असते तर ती जुनीच तक्रार होती. पण ते म्हणाले, "दिसलं नाही."

"बोलला नसता तर चाललं असतं मला," काकू म्हणाल्या. "त्याची सवय आहे. फूल उलटं आहे ते दिसलं, रेघ आखूड आहे ती दिसली. मीच तेवढी दिसले नाही होय?" मग त्या सायलीकडे वळल्या, तिच्या गालावरून हात फिरवला. "तू सुखात राहा गो बाय. पण मी येऊ ती कोण म्हणून? केसपेपरवर नाव नसलेल्या माणसाला मी स्वतः आत सोडत नाही." डबा टेबलावर ठेवून, मागच्या रविवारचा न घेताच त्या निघून गेल्या.

सायली परत बंगळूरला गेली ती एवढंच सांगून, की आई नसेल तरी मी बोहल्यावर उभी राहीन, पण बाबा, मला तुमचं तोंड बघवणार नाही. काकांनी दोन दिवस एकही चिन्ह उच्चारलं नाही. पिवळा हात नाही, खंजीर नाही. मला आधी वाटलं, बरं झालं, जरा शांतता. दुसऱ्या दिवशी मलाच करमेना. मी म्हटलं, काका, गुपचूप नव्या छापून घेऊ. देवापुढची ती एक राहू दे तिथे, कोण जातंय बघायला?

तेव्हा ते बोलले. आणि पहिल्यांदा असं बोलले की मला मधे गंमत करावीशी वाटली नाही. "पोथी लिहिताना चूक झाली की लिहिणाऱ्यापुढे दोन वाटा असायच्या. एक म्हणजे हरताळ. पिवळी हरताळ फासायची, चूक झाकली, वर नवं लिहायचं, कुणाला पत्ता नाही. आणि काही राहून गेलं असेल तर हंसपद. ओळीखाली दोन तिरक्या रेघा, आणि राहिलेलं वर लिहायचं. ज्याला वाचायचं त्याला दिसणार की इथे राहिलं होतं, आणि कुणीतरी नंतर आठवणीने घातलं. नवी छापली तर हरताळ होईल. तिला मी आजवर हरताळच फासत आलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "चल, गिरगावात जाऊ." मी का, विचारलं. "एकटा गेलो तर चहा पिऊन परत येईन." माणसाला स्वतःची इतकी स्वच्छ ओळख असावी. मी ऑफिसला दांडी मारली.

जिजी खिडकीजवळच्या पलंगावर बसली होती. ऐंशीच्या घरातली, गोरीपान, काठी मांडीवर आडवी. घर असं लख्ख की चप्पल बाहेर काढूनही मला पाय उचलून चालावंसं वाटत होतं. "बस, बाळ," ती काकांना म्हणाली. हो, बाळ. काका बसले नाहीत. सरळ देव्हाऱ्याशी गेले, नमस्कार केला आणि गणपतीपुढची पत्रिका उचलली.

"बाळ, ती देवाची आहे."

"हो. देवाला चुकीची वाचायला दिलीय आपण."

खिशातलं एक पेन काढलं. ते चालेना. दुसरं काढलं. पत्रिका तळहातावरच धरून ते लिहायला लागले, आणि मला वाटलं, आता रेघ वाकडी जाणार आणि हा माणूस रेघ सरळ करण्यातच दिवस घालवणार. रेघ वाकडीच गेली. त्यांनी ती तशीच ठेवली. ‘श्री.’च्या आधी, खालच्या अंगाला हंसपद, आणि वर बारीक अक्षरात ‘सौ.’, काकूंचं नाव, ‘व’.

जिजी बघत होती. "मंगलकार्याच्या पत्रिकेवर कावळ्याचा पाय काढलास?"

"काकपद म्हणतात काही लोक. पण हा हंसाचा आहे, जिजी." इथेही दुरुस्ती. मी जीभ चावली.

"छापलेल्या पत्रिकेवर पेनाने गिरबटलेलं. लोक विचारतील मला. काय सांगू?"

मला वाटलं, संपलं, आता चहा. पण काका म्हणाले, "सांग, बाळच्या बायकोचं नाव राहिलं होतं, ते बाळने घातलं. सगळ्या पत्रिकांवर घालणार आहे." पत्रिका त्यांनी परत गणपतीपुढे ठेवली. चहा आला नाही. जिन्यात काका म्हणाले, "रेघ वाकडी गेली गं माझी." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. पण आपल्याकडे घरमालकाला मिठी मारत नाहीत, म्हणून मी त्यांना कोपऱ्यावर उसाचा रस पाजला.

मग ते गठ्ठे. दुपारच्या दुपारी काका टेबलाशी बसून प्रत्येक पत्रिकेवर हंसपद काढायचे आणि काकूंचं नाव लिहायचे. मी मदतीला सरसावले तर म्हणाले, "नाही, हे अक्षर माझंच पाहिजे." शाई वाळवायचं काम तेवढं मला मिळालं. समोरच्या मावशी आल्या, पंख्याखाली पसरलेल्या पत्रिका बघून म्हणाल्या, "ह्या काय, पापड?" मग सगळं कळल्यावर पदर खोचून बसल्या आणि पुठ्ठ्याने वारा घालायला लागल्या. "मालवणात असता तर," त्या म्हणाल्या, "दवंडी पिटली असती. ह्या बरा, आवाज नाय."

काळाचौकीची पत्रिका काका स्वतः घेऊन गेले. परत आल्यावर मी दारातच गाठलं, काय झालं? "घेतली तिने. बघितली. म्हणाली, अक्षर अजून सुधारलं नाही तुमचं." आणि? "आणि दार लावलं." येणार का, ते ना त्यांनी विचारलं ना तिने सांगितलं. पुढचे दोन रविवार डबा आला, पण काकूंच्या भाच्याच्या हाती. काका डबा घासून, पुसून परत पाठवायचे आणि मला विचारायचे, "तुला काय वाटतं?" मला काय वाटणार. मी म्हणायचे, येतील. मला अजिबात खात्री नव्हती.

लग्नाच्या सकाळी दादरच्या हॉलमध्ये काका दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते. गुरुजींनी दोनदा हाक मारून त्यांना पाटावर आणलं. ठरलेलं असं, की कन्यादानाला बापाशेजारी जोडीने कुणी नाही म्हणून जिजीचा मुलगा आणि सून बसणार, काका मागच्या पाटावर. सून शालू सावरत तयारच होती. आणि मुहूर्ताला थोडाच वेळ राहिला असताना काकू आल्या. हिरवी इरकल, केसात अबोली. त्या मांडवाकडे गेल्या नाहीत. मागच्या रांगेत माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. काकांनी पाटावरून पाहिलं. उठून यावं की नाही ते त्यांना ठरवता येईना, आणि तसेच अर्धवट उठून ते अवघडले.

"मुलीचे आईवडील या," गुरुजी म्हणाले. जिजीची सून पुढे झाली.

पहिल्या रांगेत बसलेल्या जिजीने काठी टेकली आणि उठली. मला वाटलं, सुनेला काही सांगणार. पण ती मागे वळली. काठी टेकत, खुर्च्यांच्या मधून वाट काढत, एकेका रांगेला थांबत ती आमच्यापर्यंत आली तेव्हा सनईसुद्धा थांबली होती. सगळा हॉल मान वळवून बघत होता. काकूंनी पर्स आणखी घट्ट धरली.

"ऊठ," जिजी म्हणाली. "तुझी जागा तिथे आहे. पत्रिकेत नाव आहे तुझं."

"पेनानं घातलेलं आहे ते, जिजी," काकू म्हणाल्या. "छापलेलं नाही."

जिजी दम खायला थांबली. "छापलेलं कोण वाचतं गं? पंधरा दिवस मला फोन येतायत. एकानेही मुहूर्त विचारला नाही, हॉल विचारला नाही. सगळ्यांनी तुझं नाव तेवढं वाचलंय." आणि तिने काठी डाव्या हातात घेऊन उजवा हात पुढे केला.

काकूंनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि तो हात धरून त्या उठल्या.